चौदा नावं, सगळी 'सु'वरून

ताईचं नाव शेवटी सुश्रुता ठेवलं.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. ताईचं नाव ऋता आहे, तिचा साखरपुडा होऊन अकरा दिवस झालेत, आम्ही कराडच्या घरी दुपारचे जेवायला बसलोय आणि आप्पा बाहेरच्या खोलीत फोनवर बोलतायत. आप्पा फोनवर नेहमी उभ्यानं बोलायचे. मुलाकडच्यांचा फोन असला की आधी सदरा घालायचे.

"हो हो," आप्पा म्हणत होते. "अगदीच. नाही नाही, तसं काही नाही. हो. सु? सु. बरं. नमस्कार."

ते आत आले, सदरा खुंटीला लावला, पानावर बसले आणि आमटीभात कालवायला लागले.

"नाव बदलायचं म्हणतायत," ते भाताला म्हणाले.

"कुणाचं?" मी विचारलं.

"ऋताचं. बापूसाहेबांचा फोन होता. त्यांच्यात सगळ्या सुनांची नावं 'सु'वरून असतात."

बापूसाहेब म्हणजे परागचे काका. परागचे वडील तो लहान असतानाच गेले होते, त्यामुळे सांगलीच्या हुपरीकरांच्या घरात काय होणार आणि काय नाही हे बापूसाहेब सांगायचे. पराग म्हणजे ताईचा होणारा नवरा. तो काही सांगायचा नाही.

"'सु'वरून का?" ताईनं विचारलं.

"भांड्यांवर तसं घातलंय म्हणे."

आप्पांनी मग सविस्तर सांगितलं. हुपरीकरांच्या घरात तांब्यापितळेची आणि स्टीलची मिळून एकशेबेचाळीस भांडी होती. परागच्या पणजीचं नाव सुभद्रा. तिनं हौसेनं सगळ्या भांड्यांवर 'सौ. सु. हुपरीकर' असं घालून घेतलं. पुढं सून आली तेव्हा भांड्यांवरचं नाव बदलायचं की सुनेचं, असा प्रश्न आला. भांड्यांवर खाडाखोड केली तर दिसते. म्हणून सुमन. मग बापूसाहेबांची बायको, सुनंदा. मग परागची आई, सुलभा. लग्नाआधी त्या कोण होत्या हे घरात कुणाला आठवत नव्हतं. भांडी मात्र एकही हरवली नव्हती.

"त्यांना सांगा, मी माझं ताट घेऊन येते," ताई म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. मी हसलो, पण माझं हसणं घरात धरत नसत.

"अगं, आपल्यात असतंच की," आई म्हणाली. "मी कुसुमची वसुधा नाही का झाले? पहिले सहा महिने कुणी हाक मारली की मी मागं बघायचे, कुणाला हाक मारतायत म्हणून. मग होते सवय."

"आणि कुसुम?"

"कुसुम काय?"

"तिचं काय झालं?"

"भात घे," आई म्हणाली.

ताईनं भात घेतला नाही. ती उठली, हात धुतला आणि लॅबमध्ये गेली. तिची सुट्टी होती त्या दिवशी.

ताई रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाखाली तिची सही असायची, 'ऋता लाटकर', आणि ती सही वाचता येईल अशी करायची. अख्ख्या गावात तेवढी एकच सही वाचता यायची. कारण हे नाव तिनं गावाला शिकवलं होतं. शाळेत ती रिता होती, कॉलेजात रूथ, एका लग्नपत्रिकेत तर ऋतु आणि कंसात 'कु.'. दर वेळी तिनं न चिडता दुरुस्त करून दिलं. आता आता कुठं रिक्षावालेसुद्धा 'ऋताताई, साखर किती आली माझी?' असं बरोबर विचारायला लागले होते.

संध्याकाळी मी तिला बोलवायला गेलो. ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती.

"बैठकीला तू बस," ती म्हणाली.

"मी?"

"आप्पा हो म्हणतील. आप्पांना नाही म्हणता येत नाही. मला आत चहा करत बसायचंय. पराग म्हणतो, आईशी बोलतो. तो दर वेळी हेच म्हणतो. उरलास तू."

"पण मी काय करू?"

"तुला येतं ते. फालतूपणा कर. इतका फालतूपणा कर, इतका पकव त्यांना, की तो विषयच नको म्हणाले पाहिजेत."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा करत होतो. माझ्या फालतूपणाला घरानं पहिल्यांदाच काम दिलं होतं.

"भांडू नकोस पण," ताई म्हणाली. "मला पराग आवडतो. मला लग्न करायचंय त्याच्याशी. फक्त सासरी जाईन ती मी असले पाहिजे. एवढंच बघ."

"एवढंच ना? झालं समज," मी म्हणालो. माणूस वीस वर्षांचा असताना असं म्हणतो.

एसटी स्टँडवर नावांचं पुस्तक मिळायचं. मुलामुलींची नावं, अर्थासह, मागं रांगोळीचे नमुने. ते आणलं आणि दोन दिवस घालवून मी फुलस्केप कागदावर एक तक्ता केला. योजना साधी होती. 'सु'वरून सुरू होणारी आणि ऋताच्या जवळपास वाजणारी जेवढी नावं सापडतील तेवढी गोळा करायची, प्रत्येकाचा अर्थ द्यायचा, एकमेकांशी तुलना करायची आणि सगळं इतकं किचकट करायचं की माणसं कंटाळून म्हणतील, जाऊ दे बाबा, आहे तेच राहू दे. रकाने चार केले. क्रमांक, नाव, अर्थ, शेरा.

सुनीता : नीट नेली गेलेली. शेरा : कुठं, ते पुस्तकात नाही.

सुनृता : गोड आणि खरं बोलणारी. शेरा : दोन्ही एकाच वेळी जमत असल्यास.

सुमिता : नीट मोजलेली. शेरा : काटा कुणाचा?

सुकृता : नीट केली गेलेली. शेरा : श्रेय आईवडिलांना.

सुव्रता : चांगली व्रतं पाळणारी. शेरा : उमेदवार संकष्टीला मिसळ खातो.

सुगृहीता : घट्ट धरलेली. शेरा : दमा असल्यास टाळावे.

सुश्रुता : जिचं नीट ऐकून घेतलं गेलं अशी. शेऱ्याला काही सुचलं नाही, तो रकाना कोरा राहिला.

अशी चौदा. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच बायकांना कुणीतरी नेलंय, मोजलंय, धरलंय. स्वतः त्यांनी फारसं काही केलेलं नाही. पण हा विनोद होत नव्हता, म्हणून लिहिला नाही.

पंधराव्या ओळीवर मी लिहिलं, ऋता : जे खरं आहे ते. शेरा : भांडी नवीन घ्यावीत.

हा माझा हुकमाचा पत्ता होता. चौदा नावांनी दमलेला माणूस या ओळीवर येऊन हसणार आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, असा माझा हिशेब होता. हिशेबाच्या विषयात मी त्या वर्षी नापास झालो होतो.

बैठक रविवारी सकाळी आमच्याकडं झाली. त्यांच्याकडून बापूकाका, सुलभामावशी आणि पराग आले होते. आमच्याकडून आप्पा आणि मी. ताई पोहे घेऊन आली, चहा घेऊन आली आणि पडद्यामागं गेली. पडदा आखूड होता. तिचे पाय दिसत होते.

बापूकाका जमिनी मोजणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. खिशात सहा इंची पट्टी ठेवायचे आणि बोलताना ती कागदावर आडवी धरून एकेक ओळ उघडी करायचे. लग्नाची यादी लिहायला त्यांनीच घेतली. मानपान कुणाचा, माणसं किती, जेवणात श्रीखंड की बासुंदी, असं सगळं लिहून झालं.

"आता नावाचं," ते म्हणाले.

"हो हो, तुम्ही म्हणाल ते..." आप्पांनी सुरुवात केली.

"काका," मी मध्येच म्हणालो, "मी जरा अभ्यास केलाय."

आप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की हे वाक्य मी गेली दोन वर्षं परीक्षेआधी का म्हणालो नाही. मी तक्ता पुढं केला.

बापूकाकांनी चष्मा लावला, पट्टी धरली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव, अर्थ, शेरा. जमिनीच्या उताऱ्यासारखं, एका सुरात.

"'सुनीता. नीट नेली गेलेली. शेरा, कुठं ते पुस्तकात नाही.'" ते थांबले. मी हसण्याची वाट बघत होतो. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अर्थ अपुरा आहे."

"सुनीता नकोच," सुलभामावशी म्हणाल्या. "आमच्या पलीकडच्या बंगल्यात एक सुनीता आहे. तिचं आमचं बोअरवरून भांडण आहे. मी सुनेला हाक मारायची आणि ओ ती द्यायची."

"'सुमिता. नीट मोजलेली. शेरा, काटा कुणाचा.' हं." बापूकाकांनी पेन काढून तिथं बारीक टिंब दिलं. "हा आक्षेप योग्य आहे. मोजणीत आधी साखळी तपासावी लागते. अर्ध्या वेळा साखळीच चुकीची असते."

"मोजलेली म्हणजे जरा कंजूष वाटते," मावशी म्हणाल्या.

"सुनीता आणि सुनृता यात फरक काय पण?" परागनं विचारलं. तो पहिल्यांदाच बोलला होता.

"एकीला नेलंय. एक स्वतः बोलतीय," बापूकाका म्हणाले.

"बोलणारी नको," मावशी म्हणाल्या. सगळे हसले. त्या दिवशीचा तो एकमेव विनोद, आणि तो माझा नव्हता.

मी घाबरलो. घाबरलो की मला जास्त सुचतं. "काका, 'सु'वरून सुरसा पण येतं," मी म्हणालो.

"ती राक्षशीण. यादीत घेतली नाहीस ते बरं केलंस."

"सुपारी पण येतं."

"अगं बाई, सुपाऱ्या राहिल्याच की!" मावशी म्हणाल्या. "बापूभावोजी, लिहा. सुपाऱ्या, सव्वाशे, मुलीकडून."

बापूकाकांनी लिहिलं. माझ्या तोंडातून काहीही निघालं तरी त्या लग्नाच्या उपयोगी पडत होतं.

"काका," पराग चहाच्या कपाकडं बघत म्हणाला, "तसं ऋता पण चांगलंच आहे."

"चांगलं आहेच की. म्हणून तर त्याच्या जवळपासचं शोधतोय." मग बापूकाका आप्पांकडं वळले. त्यांचा चेहरा खरोखर प्रेमळ झाला होता. "लाटकर, खरं सांगू? आम्ही येताना गाडीत बोलत होतो, मुलीकडचे नाराज होतील. शिकलेली मुलगी आहे, कमावती आहे. आणि तुम्ही बघा. स्वतःहून चौदा पर्याय घेऊन बसलात. वर तुलना करून! असे लोक कुठं मिळतात आता?"

"हो हो," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं. मी कागद पुढं करेपर्यंत नाव बदलायचं का, असा प्रश्न होता. आता कोणतं, असा होता. आणि तो मी विचारला होता, चार रकाने आखून.

"सुश्रुता बघा," बापूकाकांनी पट्टी खाली सरकवली. "सुश्रुत म्हणजे जुन्या काळचा मोठा वैद्य. मुलगी लॅबमध्ये. बसतंय. आणि अर्थ काय दिलाय यानं? 'जिचं नीट ऐकून घेतलं गेलं अशी.' आपलं घर तसंच आहे. शेऱ्यात आक्षेप पण काही नाही."

"म्हणायला जरा कठीण आहे," मावशी म्हणाल्या.

"होईल सवय. शेवटचं काय ते घरी ठरवू."

एवढ्या एका वाक्यावर मी पुढचे तेवीस दिवस काढले.

त्यांनी माझा तक्ता लग्नाच्या यादीला मागून टाचणीनं जोडला. यादीच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मग मुलाकडून बापूकाकांनी सही केली आणि कागद आप्पांपुढं सरकवला. आप्पा म्हणाले, "मुलीकडून यानं करावी. अभ्यास यानं केलाय."

मी पडद्याकडं पाहिलं. पाय नव्हते. नावाचं निघालं तेव्हाच ती आत गेली होती. आत कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता.

बापूकाकांनी पेन दिलं, सही कुठं करायची ते दाखवलं, आणखी एक बारीकसं काम सांगितलं. ते मी केलं. मग सही केली.

ते गेल्यावर ताई बाहेर आली.

"काय झालं? हसले का?"

"एकदा."

"मग?"

"बरीच चर्चा झाली. शेवटचं काही ठरलं नाही."

"म्हणजे दमले!"

"परागभावोजी म्हणाले, ऋता पण चांगलं आहे."

"म्हणाला?" ताईचा चेहरा एकदम उजळला. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मी तिच्याशी एकही शब्द खोटं बोललो नाही. आजही तपासून बघतो, सगळी वाक्यं खरी आहेत. ती खूश झाली आणि तिनं मला शंभर रुपये दिले, मिसळ खायला.

पुढं आईनं रुखवतातल्या भांड्यांवर नाव घालायला मला पाठवलं. "नाव काय घालू?" दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, "नुसती तारीख घाला." घरी ताईनं ती भांडी बघितली आणि म्हणाली, "हुशार आहेस. कुणाला बोलायला जागाच नाही." मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. आधी मेंदीच्या दिवशी ठरवलं, पण तिचे हात भरलेले होते. हात भरलेल्या माणसाला असं काही सांगू नये असं मला वाटलं. मग हळदीला तोंड भरलेलं होतं.

लग्न कराडला झालं. सासरी जाताना नव्या नवरीबरोबर माहेरचं कुणीतरी जातं, तिला पहिल्या दिवशी परकं वाटू नये म्हणून. तिला पाठराखीण म्हणतात. एरवी एखादी मावशी किंवा धाकटी बहीण जाते. आमच्याकडं धाकटा मीच होतो, म्हणून पाठराखीण म्हणून मी गेलो. ताईनंच मागितलं होतं. "हा असला की बरं वाटतं," ती म्हणाली होती.

दुपारी तीनला आम्ही सांगलीला पोचलो. ताईनं माप ओलांडलं, आत गेलो. समोरच्या भिंतीला फळ्यांवर ती एकशेबेचाळीस भांडी चकचकीत घासून उपडी घातलेली होती. लक्ष्मीपूजन झालं. मग सुलभामावशींनी तांदूळ भरलेलं मोठं ताट आणून पाटापुढं ठेवलं. या ताटात नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं असतं. ते वाचून दाखवतात, पेढे वाटतात आणि त्या क्षणापासून ती ती होते.

परागनं अंगठी हातात घेतली. तांदळात 'सु' काढला आणि हात थांबला. त्यानं ताईकडं पाहिलं.

ताईनं माझ्याकडं पाहिलं. आणि ती हसत होती. विनोद करणारा माणूस मध्येच थांबला की लोक पुढच्या ओळीसाठी त्याच्याकडं बघतात ना, तशी. तिला वाटलं की हे मी घडवून आणलंय, आता पुढं काहीतरी येणार आहे.

पुढं 'श्रु' आला. तांदळात तो नीट उमटेना. ओढलेल्या रेघेत दाणे परत घसरायचे. बापूकाका म्हणाले, "मोठं काढ. पूस आणि मोठं काढ." परागनं ताट हलवून पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा काकांनी खिशातली पट्टी काढून कडेनं दाणे सारखे केले तेव्हा वाचता आलं.

"सुश्रुता!" बापूकाकांनी वाचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आणि हे नाव आम्ही मनानं ठेवलेलं नाही बरं का. मुलीच्या धाकट्या भावानं अभ्यास करून दिलंय. याला म्हणतात माहेर." त्यांनी खिशातून घडी काढली. माझा तक्ता. "घे गं. तुझ्याजवळ ठेव. भावाची आठवण."

ताईनं कागद उघडला. अक्षर तिला ओळखायला वेळ लागला नाही, तिनंच मला गिरवून शिकवलं होतं. ती वरून सावकाश वाचत खाली आली. सगळे शेरे वाचले. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, पाठराखीण म्हणून.

"संकष्टीला मिसळ एकदाच खाल्ली होती," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

मग ती शेवटच्या ओळीपाशी आली. तिनं कागद जरा उजेडाकडं धरला.

"इथं काय होतं?"

तिला वाचता येत होतं. रेघेखालचं अक्षर अजून दिसत होतं.

"कुणी खोडलं?"

"मी."

"कधी?"

"बैठकीत. सही करायच्या आधी. बापूकाका म्हणाले, ही नवीन नावांची यादी आहे, यात जुनं नाव कशाला, ही ओळ काढून टाक. मला तेव्हा बरोबर वाटलं."

"बरोबरच आहे." ती अजून कागदाकडंच बघत होती. "दोनदा खोडलंयस?"

"दोनदा."

"पट्टीनं?"

"काकांनी दिली पट्टी."

"छान आलीय रेघ," ताई म्हणाली. "सरळ आलीय एकदम."

तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात सुलभामावशींनी पेढ्यांचं ताट आणलं आणि हाक मारली, "सुश्रुता, हे आधी देवापुढं ठेव गं."

ताई बसून राहिली. मुद्दाम नाही. ती खरंच कुणाला हाक मारतायत ते बघत होती.

"सुश्रुता! अगं ए!"

सगळे बघायला लागले. पराग चुळबुळला. आणखी एकदा हाक आली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित कुणीतरी हसलं असतं आणि ताईनं सगळ्यांदेखत तोंड उघडलं असतं. मला ती शांतता सहन झाली नाही. मी कोपरानं तिला हलवलं.

"ताई," मी म्हणालो, "तुला बोलावतायत."

ती उठली आणि गेली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. माणसं वाईट नाहीत. सुलभामावशींना सुश्रुता म्हणता येईना, म्हणून पंधरा दिवसांत त्याचं सुश्रु झालं आणि महिन्याभरात सुशी. अर्थ लावून, तुलना करून, चौदांतून निवडलेलं नाव. ताई सांगलीच्या लॅबमध्ये लागली. रिपोर्टवर 'सु. हुपरीकर' अशी सही करते, आणि ती वाचता येत नाही. पराग पहिलं वर्षभर खोलीत तिला ऋता म्हणायचा. मग तिनंच नको म्हणून सांगितलं. म्हणाली, दोन नावांना ओ देताना मान दुखते.

मी एकदा धीर करून फोनवर म्हणालो, "ऋता, ऐक ना..."

"काय म्हणालास?"

"ऋता."

"ताई म्हण. आगाऊ."

बरोबर होतं तिचं. मी तिला जन्मात कधी ऋता म्हणालो नव्हतो. ज्या नावासाठी मी दोन दिवस तक्ता आखला, ते माझ्या तोंडात कधी नव्हतंच. त्या नावानं आप्पा हाक मारायचे, आणि आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. आता आई राहिली. दर रविवारी सकाळी ती सांगलीला फोन लावते आणि म्हणते, "ऋते, जेवणाचं काय केलंस?" मी पलीकडच्या खोलीत दाढी करत असतो आणि थांबतो. पलीकडून ताई लगेच ओ देते. त्या हाकेला तिला वेळ लागत नाही.

मागच्या महिन्यात आईला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, जपा. मी सध्या एका सरकारी कार्यालयात टपालाच्या आवक-जावकेचं काम बघतो. रोज साठ-सत्तर अर्ज माझ्या हातून जातात, त्यामुळं अर्ज कसा लिहायचा ते मला येतं. परवा मी एक लिहिला. कुणाच्या नावानं पाठवायचा ते खात्यात कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून 'प्रति' कोरं सोडलंय.

प्रति,

विषय : हाक मारणाऱ्या व्यक्तीस मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अर्जदाराने आपल्या सख्ख्या बहिणीचे नाव स्वहस्ते रद्द केले असून त्याबाबत कोणाचीही तक्रार नाही. सदर नाव सध्या एकाच व्यक्तीच्या वापरात आहे. सदर व्यक्ती अर्जदाराची आई असून तिचे वय अडुसष्ट आहे व तिला रक्तदाबाचा त्रास आहे. अन्य कोणाकडेही हे काम सोपवता येत नाही. अर्जदाराने प्रयत्न करून पाहिला आहे.

सबब, सदर व्यक्तीस अर्जदाराची बहीण हयात असेपर्यंत मुदतवाढ मंजूर करण्यात यावी. पूर्ण वेळ शक्य नसल्यास रविवार सकाळची दहा मिनिटे पुरेशी आहेत. ही नम्र विनंती.